कक्काजींची सकाळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही, आणि ज्या माइकसमोर बसून मी अर्ध्या शहराला घरातल्या गोष्टी सांगितल्या — मुलाची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, बिघडलेलं लोणचं — त्या माइकजवळ तर नाहीच. बोलणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे लोकांना वाटतं, हिच्या पोटात काही राहत नसेल. राहतं हो. चांगलं वर्षानुवर्षं राहतं.

जबलपूरमधल्या एका खासगी एफएम स्टेशनवर मी काम करते. स्टेशनचं नाव सांगणार नाही. आणि सांगायचं म्हटलं तरी कुठलं सांगू? लोक घराचे पडदे बदलत नाहीत इतक्या वेळा आमची पाटी बदलली. आधी स्टेशनला नदीचं नाव होतं. मग एक इंग्रजी शब्द आला आणि त्याला 'हिट' चिकटलं. पुढे तोही गेला, नुसता आकडा उरला. आता पुन्हा आठवणी-बिठवणींचं नाव लागलं आहे. पाटी बदलली की जिंगल बदलते, आणि जिंगलबरोबर आम्हीही. मी जयश्री. पहिल्या पाटीखाली मी 'जयश्री दीदी' होते, दुसरीखाली 'आरजे जेजे', तिसरीखाली कुणीच नव्हते आणि आता 'जयश्रीजी' आहे. केस पिकले, पण रेडिओवर ते दिसत नाहीत, एवढं बरं.

बघा, मी गमती सांगत बसले. मला सांगायचं आहे ते पहिल्या पाटीच्या शेवटाचं. आणि कक्काजींचं.

कक्काजी म्हणजे मनोहर काका. आमच्यासाठी काका, रेडिओवर कक्काजी — इकडे काकाला कक्का म्हणतात, आणि रेडिओवरच्या कक्काला 'जी' लागणारच. रेल्वेच्या ऑफिसातली नोकरी मुदतीआधी सोडून ते स्टेशनवर आले होते. घराणं मूळचं नागपूरकडचं, पण आजोबांपासून इथेच. त्यांची हिंदी बुंदेली वळणाची, मराठी हिंदीत भिजलेली, आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की ते नुसतं गोड हसत. मला स्टेशनवर आणलं तेही त्यांनीच. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी निवेदन करत होते — फॅक्टरीतल्या माणसाची कॉलेजात जाणारी मुलगी, आईची साडी नेसलेली. कार्यक्रम संपल्यावर काका बाबांना म्हणाले, "पोरीला आवाज आहे. हिला घरात काहून ठेवून राहिले?" बाबांनी तोंड फुगवलं, पण पाठवलं. माइकपासून किती दूर बसायचं, ठसका आला तर काय करायचं, माणसाचं नाव विसरलं तर 'हमारे अपने' म्हणून कसं निसटायचं — सगळं मला त्यांनी शिकवलं. हे आधीच सांगून ठेवते. नंतर सांगायला मला जड जाईल.

सकाळचा कार्यक्रम त्यांचा होता. गाणी जुनी होती, पण गाण्यांसाठी तो कुणी लावत नसे. लावत ते राम-रामसाठी. म्हणजे असं — बाहेरगावी सिहोऱ्याला दिलेल्या कुणा सुनेने फोन करून सांगायचं, शहरातल्या अधारतालच्या माझ्या आईला राम-राम सांगा, सिंघाडे पाठवले आहेत, बसच्या कंडक्टरकडून घे म्हणावं. कक्काजी तो राम-राम पोचवणार, वर कंडक्टरला दम भरणार की वाटेत पिशवीत हात घालू नकोस. मग गाणं. जवळच्या पाटन गावाकडचा मटार बाजारात आला की मटारावर एक किस्सा. मग गाणं. भांडण झालेले दोन भाऊ असत — एकाने घरून फोन करायचा, दुसऱ्याने दुकानात ऐकायचं, आणि मध्ये कक्काजी. रविवारी थोडंसं मराठी, कुणाकडे हळदीकुंकू आहे, कुणाचा मुलगा नोकरीला लागला. किस्से लांबायचे. खूपच लांबायचे, हेही खरं आहे. जाहिराती खोळंबायच्या आणि काचेपलीकडून मशीनवरचा माणूस हात जोडायचा. काका त्यालाही हवेतूनच राम-राम करत.

मी दुपारी असायचे. दुपारी रेडिओ कोण ऐकतं? भांडी घासून आडव्या झालेल्या बायका, त्याही अर्ध्या झोपेत. मी त्यांना भरली वांगी आणि उन्हाळ्यात त्वचेची काळजी सांगायची. मला फोन यायचे ते "कक्काजी हैं क्या?" असे. हसू नका, खरंच यायचे. मी गोड आवाजात म्हणायची, "कक्काजी सुबह मिलेंगे." आणि फोन ठेवून दात-ओठ खायची.

घरच्या अडचणीचं कारण मी इथे पुढे करू शकले असते. बाबा निवृत्त झाले होते, भाऊ शिकत होता, सगळं खरं आहे. पण माझी नोकरी जात नव्हती, कुणी उपाशी राहणार नव्हतं. मला सकाळ हवी होती. इतकी हवी होती की घरी चहा पिताना काकांचा आवाज लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. आई म्हणायची, "काहून गं, तुझ्याच स्टेशनचं आहे ना?" तिला काय सांगणार?

तेवढ्यात मालकांनी इंदूरहून एक सल्लागार आणला. मालक साबणाचे व्यापारी, स्टेशन त्यांची हौस. सल्लागार तरतरीत होता, खुर्चीवर कधी नीट बसत नसे. तो म्हणाला, शहर तरुण झालं आहे, बोलणं कमी करा, नवीन गाणी वाढवा, नाव बदला. मालकांचं मन होईना. ते स्वतः दाढी करताना कक्काजी ऐकत. शेवटी सल्लागार म्हणाला, माझं नका ऐकू, लोकांनाच विचारा. आणि लोकांना विचारायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या धंद्यात याला बाइट आणणं म्हणतात. रेकॉर्डर घेऊन रस्त्यावर जायचं, माणसांना बोलतं करायचं, मग परत येऊन त्यातले कामाचे तुकडे कापून एकामागोमाग जोडायचे. माणूस पोटभर बोलतो, हवेत त्यातले चार शब्द जातात. रोजचं काम आहे, त्यात पाप काही नाही. मी अधारतालच्या मेन रोडवर उभी राहिले, सिहोऱ्याच्या बसस्टँडवर गेले, पाटनच्या बाजारात हिंडले. लोक काय म्हणाले? कॉलेजची मुलं म्हणाली, नवीन गाणी लावा. बाकी जो तो कक्काजींचं विचारत होता. सिहोऱ्याच्या चहावाल्याने मी कक्काजींकडून शिकले म्हटल्यावर जबरदस्तीने समोसा खायला घातला. मी खाल्लाही.

आणि पाटनला मास्टरजी भेटले.

मास्टरजींचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. त्या काळात आमचं स्टेशन ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा आणि कक्काजी त्यांना चिडवायचे — कुणाच्या लग्नाचा कोट लग्न झाल्यावर दिला, कुणाच्या पायजम्याला एकच नाडी दोनदा घातली. मास्टरजी तेवढंच तिखट उत्तर द्यायचे. दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. काकांनी पाटनला जायचं किती वेळा ठरवलं असेल! भेट मात्र राहून गेली, मैत्री सगळी आवाजाची.

मी दुकानात शिरले तेव्हा रेडिओ मशीनशेजारीच होता. मी विचारलं, आमचा सकाळचा कार्यक्रम कसा वाटतो? मास्टरजींनी मशीन थांबवली. ते काय म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते. त्यात चूक व्हायची नाही, इतक्या वेळा मी ते मनात ऐकलं आहे.

"सच कहें बेटा? कक्काजी बोलते बहुत हैं। गाना आते-आते हमारी चाय ठंडी हो जाती है। लड़का कहता है, बंद करो इनको, बोर कर दिया। हम कहते हैं, अरे, गाना तो तेरे मोबाइल में भी धरा है। हम तो बातें सुनने को लगाते हैं। जिस दिन वो छुट्टी पे रहते हैं, मशीन पे हमारा हाथ नहीं चलता।"

आता इथवर आले आहे, आणि हात अडतो आहे. मघाशी उठून भाजी निवडून आले. धुतलेले कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले. किती टाळायचं?

भर दुपार होती. एडिटिंगच्या खोलीत मी एकटी, कूलर घरघरत होता. मास्टरजींचं बोलणं मी पडद्यावर उघडलं आणि त्यातलं 'लड़का कहता है' काढून टाकलं. मग 'बोर कर दिया'च्या पुढचं सगळं काढून टाकलं. राहिलं ते असं — कक्काजी बोलते बहुत हैं, गाना आते-आते हमारी चाय ठंडी हो जाती है, बंद करो इनको, बोर कर दिया. मी ते लावून ऐकलं. जोड कळत नव्हता. दोन श्वासांच्या मधल्या जागेत कापलं की जोड कळत नाही, हे मला काकांनीच शिकवलं होतं. मग चहावाला काढला. काकांचं नाव प्रेमाने घेणारे सगळे काढले, कॉलेजची मुलं ठेवली. आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. काम करताना मी रागात होते का? नाही. मी गाणं गुणगुणत होते.

हे झालं ते. सांगून झालं. पण एवढ्यावर थांबलं असतं तर बहुधा मी लिहायला बसले नसते.

मला वाटलं होतं, ही फीत मालक आणि सल्लागार बंद दाराआड ऐकतील आणि निर्णय होईल. पण मालक सरळ माणूस. म्हणाले, कक्काजींच्या माघारी त्यांच्या कार्यक्रमाचा फैसला नको, बोलवा त्यांना. काका आले, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसले, माझ्या ताटलीतलं बिस्कीट उचललं. फीत लागली. आधी कॉलेजची मुलं आली. काका मान डोलावत ऐकत होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. मग मास्टरजींचा आवाज आला — आणि काकांचा चेहरा फुलला. "अरे, ये तो अपने मास्टरजी हैं!" त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि खुर्ची स्पीकरकडे सरकवली. हो, त्यांनी स्वतः सरकवली.

मग ते वाक्य आलं.

काका पहिल्यांदा हसले. त्यांना वाटलं, चिडवणं चाललं आहे, पुढे काहीतरी तिरकस येईल. ते पुढच्याची वाट बघत राहिले. पुढे काही नव्हतं. फीत संपली. मालकांनी खाली बघितलं. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं, नुसतं 'थांबा' म्हटलं असतं, तरी चाललं असतं ना? मूळ पुसलं होतं, पण मला ते तोंडपाठ होतं. काका माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "काहून गं जयश्री, माझं बोलणं इतकं लांबून राहिलं होतं? तू तरी सांगायचं ना, बापा."

आणि मी म्हणाले, "काका, लोक बदलतात."

मला शब्द सापडत नव्हते असं नाही, बघा. हे सापडले.

काकांनी वाद घातला नाही. मालकांनी त्यांना सकाळची भजनं देऊ केली, रेकॉर्ड करून ठेवायची, बोलायचं काही नाही. ते म्हणाले, मीच थांबतो. निरोपाला शाल-श्रीफळ झालं, खोव्याची जिलबी झाली. काकांना भाषण करा म्हटलं तर ते उठले, "सबको राम-राम" म्हणाले आणि बसले. मशीनवरचा माणूस, जो रोज हात जोडून त्यांना आवरायला सांगायचा, तो रडला. जाताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "थोडक्यात बोलत जा, बेटा. माझी चूक तू नको करू." मी वाकून नमस्कार केला. केला, खरंच केला.

पुढे काही आठवड्यांनी मास्टरजी स्टेशनवर आले. फोन करून ते थकले होते. फोनवर त्यांना 'कक्काजी अब नहीं आते' एवढंच उत्तर मिळत होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, पाटनहून बसने, उन्हातून आले होते. पाटी बदलली होती, भिंतीवर माझा काळा चष्मा घातलेला फोटो होता, त्यामुळे ते दारातच बावरले. मला ओळखलं आणि हायसं वाटलं त्यांना. म्हणाले, कक्काजींना काही झालं तर नाही ना? घरचा पत्ता द्या, भेटून येतो. काका तेव्हा घरीच होते, अधारतालला. आणि ते दोघं भेटले असते तर पहिल्या चहातच माझं बिंग फुटलं असतं. मी म्हटलं, कक्काजी मुलाकडे नागपूरला गेले, आता तिकडेच राहणार. मास्टरजी दाराकडे वळले. मग म्हणाले, "बात हो तो हमारा राम-राम कहना।" मी म्हटलं, जरूर.

आमचा धंदाच तो होता, एकाचा राम-राम दुसऱ्याला पोचवायचा. हा एक मी पोचवला नाही. मास्टरजी आज आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पाटनला बस दिवसभर जाते. मी विचारायला गेले नाही.

मला सकाळ मिळाली का? मिळाली. आरजे जेजे म्हणून मिळाली. दोन गाण्यांच्या मध्ये चार वाक्यं, तीही धावत, मागे ढोल. राम-राम बंद, त्याजागी 'हाय जबलपूर'. मला वाटलं होतं, लोक आता मला फोन करतील, मन मोकळं करतील. कोण करणार? मी त्यांना वेळच देत नव्हते. मग मालकांनी स्टेशन विकलं, आकड्याची पाटी आली आणि सगळा कार्यक्रम इंदूरहून यायला लागला. जबलपूरच्या फक्त जाहिराती. मी त्या बंद स्टुडिओची इनचार्ज झाले — एसीचं बिल, जनरेटरचं डिझेल, सफाईवाल्याची सुट्टी. रिकाम्या खुर्चीसमोर माइक झाकून ठेवलेला असायचा. मला शिक्षा मिळाली असं म्हणायचा मोह होतो, पण ते खोटं होईल. मला वर्षांमागून वर्षं बढती मिळत गेली.

काका अधूनमधून दिसत. आमची मराठी घरं इथे मोजकीच, लग्नं-मुंजी, गणपती, कुठे ना कुठे गाठ पडतेच. पूर्वी काका जिथे बसत तिथे खुर्च्यांचं कडं व्हायचं. आता ते कडेला बसायचे, पंख्याखाली. कुणी आग्रह केलाच तर किस्सा सुरू करायचे आणि मध्येच, ऐन रंगात, घड्याळ बघून म्हणायचे, "अच्छा चलो, लांबून राहिलं." आणि खरंच थांबायचे. लोकांना वाटायचं, वय झालं. मी पान वाढायला निघून जायची.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. स्टेशन पुन्हा विकलं गेलं. नवे मालक इथलेच, लहानपणी सकाळी शाळेला जाताना कक्काजी ऐकलेले. त्यांना जुनं सगळं परत हवं — जुनी गाणी, शहराच्या गप्पा, राम-राम. आणि मला पहिलाच प्रश्न, "कक्काजी हैं क्या?" मी म्हटलं, आहेत. ते म्हणाले, आणा त्यांना, सकाळ त्यांचीच.

मी अधारतालला गेले. वाटेत मी ठरवलं होतं की सांगायचं. तुम्हाला हे पटणार नाही, पण वाक्यसुद्धा जुळवलं होतं — काका, मास्टरजी तसं म्हणाले नव्हते. एवढंच. दार काकूंनी उघडलं. काका मंदिरात गेले होते, म्हणून त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, पोह्यांना फोडणी घालता घालता बोलत राहिल्या. "आधी मी म्हणत होती, जरा चूप बसा ना, बापा, कान किटले. आता म्हणते, बोला काहीतरी. पोराचा फोन आला तरी दोन शब्द बोलतात आणि म्हणतात, घे, तू बोल. रेडिओने काय केलं गं त्यांचं?" कढईत मोहरी तडतडत होती. मी म्हटलं, पोहे छान झालेत. अजून पोहे पडलेही नव्हते.

काका आले. मी निरोप सांगितला. आणि मी बघितलं ना — ते ताठ बसले, घसा साफ केला, सदऱ्याची गुंडी लावली. काकूंनी हातातला झारा तसाच धरून ठेवला होता. एवढा एक क्षण कक्काजी परत आले होते. मग त्यांचे खांदे खाली आले.

"नको बेटा," ते म्हणाले. "हसं होईल. लोक तोंडावर गोड बोलतात, कोणी खरं सांगत नाही. तेव्हा तू ऐकवलं म्हणून मला समजलं, नाहीतर मी बोलतच राहिलो असतो. मास्टरजींसारखा माणूस कंटाळला होता, आणि मला पत्ता नव्हता. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

मी म्हटलं, "काका, तसं नव्हतं —"

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मुद्दाम जागा करून दिल्यासारखे थांबले, सवय होती त्यांना, समोरचा अडखळला की वाट बघायची. काकूही थांबल्या. आता बोल, मी स्वतःला म्हटलं, आता बोल ना.

"तसं नव्हतं म्हणजे, लोक आजही तुमची आठवण काढतात," मी म्हटलं.

ते हसले. "काढत असतील. आठवण काढणं निराळं. अच्छा चलो, पोहे खा."

मी पोहे खाल्ले. काकूंनी वर शेव घातली.

नव्या पाटीच्या पहिल्या सकाळी माइकसमोर मी होते. फोन वाजत होते, सगळ्यांना कक्काजी हवे होते. मी सांगितलं, कक्काजींची तब्येत ठीक नाही, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, तुम्ही सगळे दुआ करा. लोकांनी भरभरून केली. सिहोऱ्याच्या एका बाईंनी नवस बोलला. काकांची तब्येत ठणठणीत आहे. ते अजूनही सकाळी मंदिरापर्यंत पायी जाऊन येतात.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी सगळा कार्यक्रम ऐकला होता. म्हणाले, "बरं केलं, बेटा, तब्येतीचं सांगितलं. लोकांना वाईट नसेल वाटलं." मग म्हणाले, "मास्टरजींचा फोन आला होता का गं?"

मी म्हटलं, "नाही, काका."

"हां. येणार नाही," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मास्टरजी काय म्हणाले होते ते मी वर सगळं लिहिलं आहे. तुम्हाला ते आता माहीत आहे. काकांना नाही.